अँजिओग्राफीतले टक्के आणि रक्तवाहिनीची भिंत

अँजिओग्राफीचा अहवाल हातात पडला की रुग्णाची आणि नातेवाइकांची नजर सर्वांत आधी टक्क्यांवर जाते. एका रक्तवाहिनीत ७० टक्के अडथळा, दुसरीत ४० टक्के, तिसरी ‘नॉर्मल’. पुढचा हिशेब मग आपोआप मांडला जातो. ७० टक्के म्हणजे धोका, तिथे स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, टाकला की धोका टळला. ४० टक्के म्हणजे तूर्त काळजीचे कारण नाही. आणि नॉर्मल म्हणजे सुटलो. हा हिशेब समजायला सोपा आहे, पण त्यातले तिन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. ते का अपुरे आहेत हे ध्यानात आले की हृदयरोगाविषयीच्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो: कालपर्यंत रोज चालायला जाणाऱ्या माणसाला एकाएकी झटका का येतो, ट्रेडमिल चाचणी उत्तम आलेली असतानाही काही महिन्यांत तो का येऊ शकतो, आणि अँजिओप्लास्टी व्यवस्थित पार पडल्यावरही डॉक्टर गोळ्या बंद करायला का तयार नसतात.

या हिशेबामागे नळाच्या पाइपाचे चित्र असते. पाइपात गाळ साचत जातो, पोकळी अरुंद होत जाते आणि एके दिवशी पाइप तुंबतो. डॉक्टरही रुग्णाला समजावताना हेच चित्र वापरतात, कारण ते चटकन पटते. त्यात दोष असा की पाइपाची भिंत निर्जीव असते, तर रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते. ती ताणते, आकसते, सुजते, स्वतःची डागडुजी करते आणि कधी कधी त्या डागडुजीतच बिघडते. ज्याला आपण गाळ समजतो तो वाहत्या रक्ताच्या वाटेत साचलेला नसतो. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली, वर्षानुवर्षे तयार झालेला असतो. या रोगाला पोकळीचा रोग न मानता भिंतीचा रोग मानले, तर पुढच्या सगळ्या गोष्टींची संगती लागते.

आधी या वाहिन्यांवर किती भार आहे ते पाहू. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. एवढे रक्त कप्प्यांतून वाहत असूनही हृदयाच्या जाड स्नायूला त्यातून जवळजवळ काहीच घेता येत नाही, त्यामुळे त्याला वेगळा पुरवठा लागतो. महारोहिणी हृदयातून जिथे बाहेर पडते तिथेच, झडपेच्या लगेच वर, उजवी आणि डावी अशा दोन करोनरी रक्तवाहिन्या फुटतात. डावी थोडे अंतर जाऊन दोन मोठ्या शाखांत विभागते. त्यांपैकी हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणारी शाखा, जिला अहवालात ‘एलएडी’ म्हटलेले असते, डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, फार मोठ्या भागाला रक्त पुरवते. या मुख्य वाहिन्यांची पोकळी साधारणपणे ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते आणि विश्रांतीत त्यांतून मिनिटाला जेमतेम पाव लिटर रक्त वाहते.

बाकीचे बहुतेक अवयव विश्रांतीत रक्तातला सुमारे पाव हिस्सा प्राणवायू वापरतात आणि उरलेला परत पाठवतात, म्हणजे गरज वाढली तर त्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेण्याची त्यांना सोय असते. हृदयाच्या स्नायूला ही सोय नाही. तो विश्रांतीतच ७० टक्क्यांहून अधिक प्राणवायू काढून घेतो, त्यामुळे जिना चढताना किंवा धावताना त्याची गरज वाढली की ती भागवायला रक्ताचा प्रवाहच वाढवावा लागतो, आणि निरोगी वाहिन्या तो चार-पाच पटींपर्यंत वाढवूही शकतात. त्यात आणखी एक अडचण आहे. आकुंचन पावताना हृदयाचा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो, म्हणून डाव्या जवनिकेला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या शिथिल अवस्थेत. ठोके जलद झाले की नेमका हा शिथिलतेचा वेळ घटतो. गरज सर्वाधिक असते तेव्हाच पुरवठ्याला वेळ सर्वांत कमी, अशी ही रचना आहे. श्रमाने छातीत दाटून येणे आणि थांबल्यावर ते ओसरणे, या जुन्या ओळखीच्या लक्षणाचे मूळ इथे आहे. आणि ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास का कमी होतो, याचेही उत्तर इथेच मिळते.

आता भिंतीकडे वळू. करोनरी वाहिनीच्या आतल्या बाजूला केवळ एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते, त्याबाहेर स्नायूपेशींचा थर आणि सर्वांत बाहेर आधार देणारे आवरण. एका पेशीचे हे अस्तर दिसायला क्षुल्लक वाटले तरी रक्तवाहिनीचा सगळा कारभार तेच पाहते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते, ज्यामुळे वाहिनी सैल होते आणि रक्तातल्या प्लेटलेट पेशी भिंतीला चिकटत नाहीत. एवढ्या साध्या वायूचा शरीरात निरोप्या म्हणून वापर होतो, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली वाढीव साखर या अस्तराचे काम बिघडवतात. जिथे वाहिनीला फाटा फुटतो आणि रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घोटाळतो, तिथे हा बिघाड सर्वांत आधी दिसतो.

अशा जागी एलडीएल हे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात आणि तिथल्या तंतूंमध्ये अडकतात. अडकलेल्या कणांमध्ये रासायनिक बदल होतो. शरीराला ते परके वाटू लागतात आणि त्यांचा निचरा करायला पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात. त्या पेशी हे कण गिळत राहतात, गिळता गिळता चरबीच्या थेंबांनी फुगतात आणि अखेर तिथेच मरतात. त्यांच्या मरण्याने मेदाचा व मृत पेशींचा एक मऊ गाभा तयार होतो. त्याला आवर घालण्यासाठी मधल्या थरातल्या स्नायूपेशी पुढे सरकतात आणि गाभ्यावर चिवट तंतूंचे आवरण विणतात. मऊ गाभा आणि त्यावरचे तंतुमय आवरण मिळून जे तयार होते त्याला ‘प्लाक’ म्हणतात. कोलेस्टेरॉल हा या प्रक्रियेचा कच्चा माल असला तरी तिला गती देतो तो दाह, म्हणजे शरीराची स्वसंरक्षणाची धडपड.

हे सारे किती लवकर सुरू होते याची जाणीव १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाने करून दिली. कोरियातील युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात त्यांच्या करोनरी वाहिन्या तपासल्या गेल्या. सैनिकांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते आणि तरीही त्यांच्यापैकी ७७ टक्के जणांच्या वाहिन्यांत या रोगाच्या डोळ्यांनी दिसतील अशा खुणा सापडल्या. ही सगळी सैन्यात भरती होण्याइतकी धडधाकट माणसे होती. साठीत येणाऱ्या झटक्याची तयारी विशीत सुरू होते, हे वाक्य त्यामुळे अतिशयोक्तीचे वाटले तरी ते खरे आहे.

मग इतकी वर्षे काहीच कसे जाणवत नाही? याचे समाधानकारक उत्तर १९८७ मध्ये सेमूर ग्लागॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. शवविच्छेदनातून मिळालेल्या करोनरी वाहिन्यांचे आडवे छेद मोजताना त्यांना आढळले की प्लाक वाढू लागला की वाहिनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली पोकळी जवळजवळ पूर्वीइतकीच राखते. प्लाकने भिंतीच्या आतल्या क्षेत्रफळापैकी सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत ही भरपाई चालू राहते. पोकळी अरुंद होऊ लागते ती त्यानंतर. अँजिओग्राफीत आपल्याला काय दिसते, याचा आता या संदर्भात विचार करावा. त्या तपासणीत वाहिनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडतात आणि त्याची सावली टिपतात. ती सावली पोकळीची असते. भिंत तिच्यात दिसतच नाही. त्यामुळे चांगला जाडजूड प्लाक बाळगणारी वाहिनीसुद्धा अँजिओग्राफीत गुळगुळीत, निर्दोष दिसू शकते. अहवालातल्या ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘पोकळी अरुंद झालेली नाही’ एवढाच घ्यावा.

टक्क्यांच्या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे. हा आकडा व्यासाचा असतो आणि तो शेजारच्या बऱ्या दिसणाऱ्या भागाशी तुलना करून काढतात. व्यास ५० टक्क्यांनी घटला की पोकळीचे क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते, आणि ७० टक्क्यांनी घटला की ९० टक्क्यांहून अधिक. शेजारचा भागही सरसकट रोगट असेल तर तुलनेचे मापच चुकते. शिवाय हा अंदाज बहुतेक वेळा डोळ्यांनी केलेला असतो आणि दोन अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजांत दहा-वीस टक्क्यांचा फरक पडणे मुळीच विशेष नाही. म्हणूनच मधल्या आकड्यांबाबत शंका असेल तर अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब बारीक तारेने मोजून पाहतात. एफएफआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोजमापात पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी भरला, तरच तो अडथळा प्रवाहाला खरोखर अडवतो असे मानतात.

झटका मात्र बहुधा वेगळ्याच वाटेने येतो. प्लाकवरचे तंतुमय आवरण जाड असेल तर तो वर्षानुवर्षे शांत राहतो. पण दाहाने तापलेल्या प्लाकमध्ये पांढऱ्या पेशी हे तंतू विरघळवणारी विकरे सोडत असतात आणि आवरण आतून झिजत जाते. ते ६५ मायक्रॉनहून पातळ झाले, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतके उरले, की अशा प्लाकला धोक्याचा समजतात. एखाद्या क्षणी, रक्तदाबाच्या उसळीने किंवा वरकरणी काहीही कारण नसताना, प्लाकच्या कडेला ते फाटते. आतला मऊ गाभा रक्ताच्या संपर्कात येतो. रक्ताच्या दृष्टीने ही जखमच असते आणि जखमेवर जे करायचे तेच ते करते. प्लेटलेट पेशी काही सेकंदांत तिथे चिकटतात, त्यांच्यावर तंतूंचे जाळे विणले जाते आणि गुठळी तयार होते. बोट कापल्यावर जीव वाचवणारी ही यंत्रणा ३ मिलिमीटरच्या पोकळीत ती पोकळीच बुजवून टाकते. प्रत्येक वेळी आवरण फाटतेच असेही नाही. काही झटक्यांत प्लाकवरचे अस्तर नुसते खरवडले जाते आणि त्या उघड्या पृष्ठभागावर गुठळी धरते.

गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, यावर वैद्यकात बराच काळ वाद होता. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्येच करोनरी वाहिनीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्याची लक्षणे ओळखता येतात, असे मांडले होते. तरी वाद मिटला तो १९८० मध्ये, जेव्हा मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी चालू झटक्यातच अँजिओग्राफी करण्याचे धाडस केले. झटका सुरू झाल्यापासून पहिल्या ४ तासांत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्के जणांची संबंधित वाहिनी पूर्ण बंद असल्याचे त्यांना दिसले, तर उशिरा तपासलेल्यांत हे प्रमाण कमी होते. याचा अर्थ असा की गुठळी आधी होते आणि पुढे ती काही अंशी आपोआप विरघळते.

ज्या प्लाकमुळे झटका आला त्या जागी आधी किती टक्के अडथळा होता, हे जुन्या अँजिओग्राफी काढून पाहिले असता अनेकदा तो ५०-७० टक्क्यांपेक्षा कमीच निघतो. याचा अर्थ छोटा प्लाक मोठ्यापेक्षा घातक असतो असा मात्र काढू नये. एकेक प्लाक घेतला तर मोठा प्लाकच अधिक जोखमीचा. पण एका रुग्णाच्या वाहिन्यांत मोठे अडथळे एक-दोन असतील, तर पोकळी फारशी अरुंद न करणारे प्लाक बरेच असतात आणि त्यांच्या संख्येमुळे झटक्यांतला त्यांचा वाटाही मोठा होतो. ट्रेडमिल चाचणी प्रवाहाला पडणारा अडसर शोधते, त्यामुळे असे प्लाक तिला दिसणेच शक्य नाही. चाचणी चुकली, अशी तक्रार मग केली जाते. खरे तर जे ओळखण्यासाठी ती बनलेलीच नाही, त्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवलेली असते.

तेव्हा एकाच रोगाची ही दोन निराळी रूपे झाली. पहिल्यात अडथळा हळूहळू वाढतो, श्रम केल्यावर छातीत दाब येतो, थांबल्यावर काही मिनिटांत उतरतो, आणि महिनोन्‌महिने त्याचा बाज बदलत नाही. दुसऱ्यात प्लाक अचानक फाटतो आणि पाहता पाहता परिस्थिती पालटते. या दोन रूपांत स्टेंटचे काम अगदी वेगळे ठरते, आणि सर्वसामान्य समजुतीत सर्वांत मोठा गोंधळ इथेच आहे.

स्टेंटपर्यंतचा प्रवास मोठा विलक्षण आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. वरिष्ठांची त्यावर नाराजी झाली. नोबेल पारितोषिक मिळाले ते पुढे १९५६ मध्ये. १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स झडपेची तपासणी करत असताना नळीचे टोक चुकून उजव्या करोनरी वाहिनीत गेले आणि सगळे द्रव्य तिच्यातच सोडले गेले. रुग्ण वाचला आणि करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी जागृत रुग्णाच्या करोनरी वाहिनीतला अडथळा फुग्याने रुंद केला. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हा आकसत असे, म्हणून १९८६ पासून धातूच्या जाळीचे स्टेंट आले. जाळीवर पेशींची वाढ होऊन ती आतून पुन्हा भरू लागली, तेव्हा २००० नंतरच्या काही वर्षांत औषधाचा लेप दिलेले स्टेंट वापरात आले.

चालू झटक्यात या तंत्राचे मोल वादातीत आहे. वाहिनी बंद झाली की सुमारे अर्ध्या तासात तिच्या आश्रयाचा स्नायू मरू लागतो. हे मरण आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जाते आणि काही तासांत बहुतेक स्नायू कायमचा गेलेला असतो. वाहिनी जितक्या लवकर उघडावी तितका स्नायू वाचतो, म्हणून अशी सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती उघडावी असा दंडक आहे. हे शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच दिले जाते. इथे अडथळा किती टक्के होता याला काही अर्थ राहत नाही, कारण आता तो १०० टक्के झालेला असतो.

अशा वेळी निदान कसे होते, हेही थोडे सांगितले पाहिजे. छातीच्या मधोमध आवळल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे आणि दरदरून घाम फुटणे ही नेहमीची लक्षणे. स्त्रियांत, वयोवृद्धांत आणि मधुमेह असलेल्यांत मात्र नुसती धाप, मळमळ किंवा अनाकलनीय थकवा एवढेच असू शकते. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणून झटका नाही, असे म्हणता येत नाही. तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. मरणाऱ्या स्नायूतून रक्तात झिरपणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायलाही वेळ लागतो, म्हणून तीही तपासणी काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात. दोन आकड्यांतली चढण पहिल्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी असते. ‘एकदा तपासले, सगळे ठीक आहे, मग थांबवून का ठेवता?’ हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण थांबवण्याचे कारण हे आहे.

ज्याला श्रमानेच त्रास होतो आणि ज्याची प्रकृती स्थिर आहे, त्याच्या बाबतीत चित्र निराळे आहे. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ नावाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांच्या चाचण्यांत मध्यम ते तीव्र दोष आढळले होते. त्यांपैकी निम्म्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, तर निम्म्यांना आधी केवळ औषधे देऊन पाहिले गेले. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किंवा झटक्यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांना वरचेवर छातीत दुखत होते त्यांचे दुखणे मात्र स्टेंट-बायपासच्या गटात अधिक कमी झाले. वाहिनीच्या भिंतीचा विचार केला तर या निकालात आश्चर्य वाटायला नको. स्टेंट एका जागचा अडसर दूर करतो, म्हणून त्या अडसरामुळे होणारे दुखणे थांबते. पण उद्या जो प्लाक फाटणार आहे तो कदाचित दुसऱ्याच जागी, स्टेंट न टाकलेल्या भिंतीत बसलेला असतो.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. डाव्या मुख्य वाहिनीतला मोठा अडथळा, हृदयाची आकुंचनक्षमता फार घटलेली असणे, किंवा नव्याने सुरू झालेले अथवा वाढत चाललेले दुखणे, अशा रुग्णांना या अभ्यासाचा निष्कर्ष लागू नाही. त्यांना या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. तिन्ही वाहिन्यांत पसरलेला रोग आणि सोबत मधुमेह असेल तर बायपासने आयुष्य वाढते, हेही अन्य अभ्यासांतून दिसलेले आहे. आणि बायपासची नवी वाट एका जागच्या अडथळ्यालाच नव्हे, तर वाहिनीच्या सुरुवातीच्या सगळ्या रोगट भागाला वळसा घालते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. तेव्हा ‘स्टेंट निरुपयोगी आहेत’ असा जो सूर अधूनमधून ऐकू येतो तो ‘स्टेंट टाकला की रोग गेला’ या समजुतीइतकाच चुकीचा आहे.

भिंतीवर उपचार करायचे तर ते सगळ्या वाहिन्यांपर्यंत पोहोचणारे असले पाहिजेत, म्हणजे औषधे आणि सवयी. यात एलडीएलचे स्थान पहिले. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ वेगळा केला. त्याच वर्गातले पहिले स्टॅटिन औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. १९९४ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांचे एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज अशी की एलडीएल डेसिलिटरला सुमारे ३९ मिलिग्रॅमने घटवले की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. आणि जितकी वर्षे ते कमी राहील तितका फायदा साठत जातो. प्लाकही वर्षांच्या हिशेबानेच साठलेला असतो, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

स्टॅटिनचा परिणाम भिंतीत काय होतो, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत रंजक प्रकरण वाटते. या गोळ्यांनी प्लाक नाहीसा होत नाही. त्याचा आकार थोडासाच घटतो. पण आतला मऊ गाभा आटतो, दाह निवतो, वरचे आवरण जाड होते आणि प्लाकमध्ये कॅल्शियम भरून तो टणक होतो. म्हणून सीटी स्कॅनवर मोजलेला कॅल्शियमचा आकडा स्टॅटिन घेणाऱ्या माणसात काही वर्षांनी वाढलेला दिसू शकतो. उपचार चालू नसताना हा आकडा म्हणजे भिंतीत एकूण किती रोग आहे याचा उत्तम अंदाज असतो. उपचार सुरू झाल्यावर मात्र तो वाढला म्हणून गोळी निरुपयोगी ठरवणे म्हणजे बऱ्या होत चाललेल्या व्रणाला जखम समजण्यासारखे आहे. त्यामुळे उपचार चालू असताना हा स्कॅन पुन्हा पुन्हा करण्यात फारसा अर्थ नसतो.

भिंत पाहण्याचा उपयोग किती, हे स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात २०१८ मध्ये दिसले. छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांची नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटी अँजिओग्राफीही केली गेली, जिच्यात पोकळीबरोबर भिंतीतला प्लाकही दिसतो. पाच वर्षांत या गटात हृदयरोगाने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. पाच वर्षांच्या अखेरीस स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत सारखेच झाले होते. फरक होता तो सीटी झालेल्यांपैकी अधिक जणांना प्रतिबंधक औषधे सुरू झाली, याचा. पोकळी न अडवणारा प्लाक डोळ्यांना दिसला, म्हणून त्यावर इलाज झाला, असा या आकड्यांचा अर्थ लावता येतो.

बाकीच्या जोखमी सर्वांच्या परिचयाच्या आहेत, म्हणून थोडक्यात. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवण्याचे काम अस्तर वाचवण्याचे आहे. धूम्रपान सोडल्याचा लाभ थक्क करणारा आहे. एका वर्षात या रोगाची वाढीव जोखीम जवळपास निम्म्यावर येते, कारण धुरामुळे प्लेटलेट चिकट होणे आणि वाहिनी आकसणे हे परिणाम लवकर उलटतात. व्यायामाने ही जोखीम घटते, पण त्यामुळे आधीचा प्लाक असण्याची शक्यता संपत नाही. धावपटूलाही छातीत दाब जाणवला तर तो आपल्या दमसासाकडे बोट दाखवून टाळू नये. घराण्यात पुरुषांना पंचावन्नच्या किंवा स्त्रियांना पासष्टच्या आत झटका आलेला असेल तर एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) या दोन तपासण्या तरुणपणीच करून घेणे योग्य. यांतल्या दुसऱ्या घटकाची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिकतेने ठरते आणि आहाराने फारशी बदलत नाही.

शेवटी, स्टेंट टाकलेल्यांसाठी एक बाब. जाळी धातूची असते आणि तिच्यावर शरीराचे अस्तर चढेपर्यंत रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू असते. या काळात तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि प्लेटलेटविरोधी दुसरे एक औषध अशी जोडी देतात, साधारणपणे ६ ते १२ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर त्याहून कमी. ही जोडी मधेच स्वतःहून थांबवली तर स्टेंट अचानक बंद पडण्याचा धोका असतो आणि तो प्रसंग मूळ झटक्याइतकाच किंवा त्याहून गंभीर ठरू शकतो. दात काढायचा आहे, एखादी छोटी शस्त्रक्रिया आहे, अंगावर निळे डाग उठू लागले आहेत, अशी कारणे पुढे येतात तेव्हा गोळी बंद करण्याचा निर्णय स्टेंट टाकणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा, आणि त्यासाठी स्टेंट कधी, कोणत्या वाहिनीत व कोणत्या प्रकारचा टाकला याची नोंद असलेले कार्ड जवळ बाळगावे. ही जोडी संपल्यावरही बहुतेकांचे एक प्लेटलेटविरोधी औषध आणि स्टॅटिन चालूच राहते.